पांढरी राहिलेली ओळ

नारीनच्या वरच्या अंगाला, शेवटची बस जिथून माघारी वळते,
तिथे आमची शाळा. अठ्ठावीस मुलं, एक शेगडी,
आणि यंदापासून कुलपाच्या कपाटात बारा टॅबलेट.
किल्ली माझ्याकडे. कोळशाच्या खोलीचीही माझ्याकडेच,
दोन्ही एकाच दोरीत,
त्यामुळे काचेवर काळी बोटं उमटतात
आणि जिल्ह्याहून येणारा साहेब दर वेळी रुमाल काढतो.

त्यानेच शिकवलं मला. निबंध असा आत टाकायचा.
यंत्राने लिहिलेलं वाक्य पिवळं होतं,
माणसाचं पांढरं राहतं.
"आता डोळ्यांना त्रास नको, बुरुलकान एजे."
डोळ्यांना त्रास नव्हता. मी काही बोलले नाही.

विषय मीच दिला होता: माझे वडील.
सव्वीस वर्षं देते आहे.
पूर्वी सोपा होता तो.

बाकाईचा निबंध आत टाकला
आणि पान वरून खाली पिवळं होत गेलं,
चहा सांडावा तसं.
"वडील हे कुटुंबाचे आधारस्तंभ असतात." पिवळं.
"त्यांचे ऋण कधीही फिटणार नाही." पिवळं.
"मला त्यांच्यासारखेच व्हायचे आहे."
पिवळंधमक.

रागावणारच होते. मग वाटलं,
ही वाक्यं कुठेतरी भेटली आहेत.
आधारस्तंभ मीच फळ्यावर लिहीत आले,
मुलं उतरवून घेत आली, पुढे त्यांची मुलं,
आणि खाली लाल शाईत माझाच शेरा: छान.
यंत्र कुठल्या शाळेत गेलं कोण जाणे,
पण तिथली बाई
माझ्यासारखीच असणार.

खालून तिसरी ओळ तेवढी पांढरी होती.
"बाबा रोज सहाला घरी येतात आणि दारात बुट झाडतात."
बूटचा उकार चुकलेला.

बाकाईचे वडील येकातेरिनबुर्गला असतात.
चार हिवाळे झाले. तिथल्या छपरांवरचा बर्फ उतरवतात.
हे गावात कुत्र्यांनाही ठाऊक आहे.
म्हणजे निबंधभर एकच वाक्य माणसाचं,
आणि नेमकं तेच खोटं.

टॅबलेट विचारत राहिला: कोणती कारवाई केली?
रकाना तसाच सोडून मी कोट चढवला.
मुलाच्या मावशीच्या कानावर घालायला हवं,
असं वाटेत स्वतःला सांगत होते.
बर्फ पोटरीपर्यंत. हातात ती किल्ल्यांची दोरी, उगाच.

दार लोटलेलं होतं. मावशी गोठ्यात.
बाकाईने किटलीला टेकवून फोन उभा केला होता,
पडू नये म्हणून मागे साखरेचं भांडं.
मला पाहून उठला, पण नजर फोनवरच.

सहा वाजले. फोन वाजला.
आत एक अरुंद बोळ, भिंतीवर परक्या माणसांचे दहा-बारा कोट,
आणि एका पायावर तोल सांभाळत
चौकटीवर बूट आपटणारा एक माणूस.
"आलो रे, आलोच, थांब."
बूट आपटला की बर्फ तिकडे पडायचा.
इकडे बाकाईने, बहुधा नकळत,
उंबऱ्यातले आपले बूट
जरा बाजूला सरकवले.

तेवढ्यात त्या माणसाला मी दिसले.
लगबगीने टोपी काढली त्याने, माझ्याच वर्गात काढायचा तशी.
मागच्या बाकावरचा. शुद्धलेखन याचंही कच्चं होतं.
"एजे! पोरगा लिहितो ना नीट? आपलं आपण?"

मी तोंड उघडलं
आणि चित्र गोठलं.
एका हातात टोपी, दुसऱ्या हातात बूट,
डोळे अर्धे मिटलेले,
उत्तराची वाट पाहणारे.

मी दाराकडे वळले, तर बाकाई कुजबुजला,
"हलू नका, एजे.
थोडं थांबलं की कधीकधी येतात ते."